बन दोन रुपयांनी स्वस्त

मिसळीचा कट पावाची खरी परीक्षा घेतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक जुन्या मिसळीच्या दुकानांत ताटलीत लादीपाव येत नाही, ब्रेडच्या जाडसर स्लाइस येतात. मुंबईकडचा पाहुणा पहिल्यांदा हमखास विचारतो, "पाव नाही का हो?" वाढणारा मान न उचलताच म्हणतो, "खाऊन बघा की." पाहुणा स्लाइस बुडवतो, ती कट पिते, जड होते, पण तोंडापर्यंत अखंड पोचते. पेटीच्या साच्यात भाजलेल्या या ब्रेडची जाळी बारीक आणि घट्ट असते. लुसलुशीत लादीपाव त्याच वाटीत जरा जास्त वेळ राहिला, तर त्याचा अर्धा भाग चमच्याने काढावा लागतो.

वड्याचं उलटं आहे. वडा कोरडा आणि गरम, आतला बटाटा मऊ. त्याला दाबला की दबणारा, वड्याभोवती मिठी मारणारा पाव हवा. तिथे घट्ट स्लाइस घातली की घास कोरडा होतो आणि चटणी वाढवून मागावी लागते. पावभाजीला आणखी वेगळा न्याय: पाव आडवा चिरून लोण्यात परतायचा, म्हणजे कापलेली बाजू कडक आणि पाठ मऊ राहते. हे काही कुणी प्रयोगशाळेत ठरवलेलं नाही. आत काय घालणार त्यावरून बाहेरचा पाव निवडायचा, एवढं शहाणपण या भागातल्या टपऱ्यांनी गिऱ्हाइकांच्या बोटांकडे बघून कमावलं.

बर्गर आला आणि हे शहाणपण बाजूला पडलं.

साताऱ्यात राजवाड्याची चौपाटी, पोवई नाका. सांगलीत विश्रामबाग, शंभर फुटी रोड. कऱ्हाडात कॉलेजांच्या आसपासचे रस्ते. गेल्या काही वर्षांत या सगळ्या ठिकाणी बर्गरचे गाडे आणि छोटी रेस्टॉरंटं दिसू लागली. धंदा सुरू करणाऱ्याचं लक्ष असतं पॅटीवर, मेयोनीजवर, चीजच्या स्लाइसवर, आणि भिंतीवरच्या दिव्यांच्या अक्षरांवर. फ्रायर कोणता घ्यायचा यावर घरात आठवडाभर चर्चा होते. बनाची पाळी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी येते, तीही फोनवरच्या एका वाक्यात: "उद्यापासून शंभर बन टाका, आणि जरा भाव बघून लावा." बर्गर हातात घेणाऱ्याच्या बोटांना मात्र सगळ्यात आधी लागतो तो बनच.

पाव हा शब्द पोर्तुगिजांच्या 'पांव' या शब्दावरून आला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती ऐकायला गमतीची, पण खरी नव्हे. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर हा प्रकार रुजला. यीस्ट सहज मिळत नव्हतं तेव्हा तिथे माडाची सूर घालून पीठ फुगवत. गोव्याचा पोदेर, म्हणजे पाववाला, आजही सायकलचा भोंगा वाजवत दारात येतो. मुंबईत इराणी आणि गोवेकर बेकरीवाल्यांनी पाव गिरणगावापर्यंत नेला. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडा त्यात घातला, असं सांगितलं जातं. पोट भरणारं, एका हातात मावणारं, ताटली न लागणारं खाणं महाराष्ट्राला तेव्हापासून माहीत आहे. त्यामुळे बर्गरची कल्पना इथे कुणाला शिकवावी लागली नाही. शिकायचा राहिला तो त्याचा बन.

मॅकडोनल्ड्सने भारतातलं पहिलं दुकान १९९६मध्ये दिल्लीत उघडलं, आणि पाठोपाठ मुंबईत. त्यांच्यापुढे बनाचा प्रश्न मोठा होता. रोज त्याच व्यासाचा, त्याच वजनाचा, तेवढ्याच रंगावर भाजलेला बन हजारोंच्या संख्येने हवा होता. तो पुरवण्याचं काम पंजाबातल्या रजनी बेक्टर यांच्या कंपनीकडे गेलं. लुधियानात घरच्या अंगणात आइस्क्रीम करण्यापासून सुरुवात केलेल्या या बाईंना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कंपनीचा ब्रेड-बनांचा एक कारखाना खोपोलीलाही आहे. त्या यशामागचं काम अगदी कंटाळवाणं आहे: रोज वजन करणं, व्यास मोजणं, रंग ताडून पाहणं. साताऱ्यातल्या छोट्या रेस्टॉरंटला कारखाना नको, पण वजनकाटा परवडतो. तो तर स्वयंपाकघरात असतोच.

हा काटा काय सांगतो ते पाहण्यासारखं आहे. समजा, एक बेकरी ६ रुपयांना बन देते आणि दुसरी ८ रुपयांना. ऐकताक्षणी पहिली स्वस्त. आता दोन्हींचे दहा-दहा बन काट्यावर ठेवायचे. पहिल्याचे दहा भरले ४५० ग्रॅम, दुसऱ्याचे ६००. म्हणजे १०० ग्रॅमला दोन्हीकडे १३ रुपये ३३ पैसेच पडले. स्वस्त बनात स्वस्त काही नव्हतं, फक्त हवा जास्त आणि मैदा कमी होता. असा फुगीर बन टोपलीत मोठा दिसतो, पण पॅटी ठेवून वरून दाबला की चपटा होतो आणि सॉस त्यातून पार होतो.

मोडतोड हा दुसरा हिशेब. हलका बन चिरताना फाटतो, टोपलीत चेपतो, दुपारनंतर कडेने तडकतो. शंभरातले बारा असे गेले, तर ६०० रुपयांत ८८ बर्गर झाले. बन पडला ६ रुपये ८२ पैशांना. दुसऱ्या बेकरीच्या शंभरातले तीनच गेले, तर ८०० रुपयांत ९७ बर्गर, बन ८ रुपये २५ पैशांना. दोन रुपयांचा फरक १ रुपया ४३ पैशांवर आला. दिवसाला नव्वद बर्गर विकणाऱ्याला हा फरक १२९ रुपयांना पडतो. बर्गर ७० रुपयांना असेल आणि कच्चा माल, पॅकिंग वगैरे थेट खर्च जाऊन ३५ रुपये उरत असतील, तर दिवसाला चार बर्गर जास्त खपले की पैसे वसूल. चांगला बन खाऊन नव्वदातले चारजण पुन्हा येतील का, एवढाच प्रश्न उरतो.

हा हिशेब सगळ्यांना लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. कॉलेजच्या फाटकाबाहेर ४० रुपयांचा आलू टिक्की बर्गर विकणाऱ्याच्या हातात एका नगामागे दहा-बारा रुपये उरत असतील, तर तेच १२९ रुपये वसूल करायला अकरा ते तेरा गिऱ्हाइकं जास्त लागतील. त्याने दुधातुपाच्या बनामागे धावण्यात अर्थ नाही. उलट त्याने लादीपावच घ्यावा, नीट भाजावा आणि पाटीवर 'मिनी बर्गर' लिहावं. अमेरिकेत स्लायडर नावाने विकतात ते छोटे बर्गर पुष्कळदा एकमेकांना चिकटून भाजलेल्या, तोडून सुट्या केलेल्या बनांतच असतात. आपली लादी तरी वेगळं काय असते?

बन हातात घेऊन पारखायची रीत अवघड नाही. अंगठ्याने पाठ हलकेच दाबायची. दोन-तीन सेकंदांत खळगा भरून आला तर जाळीत जीव आहे. खळगा तसाच राहिला तर बन कच्चा किंवा शिळा, आणि दाबताना पापुद्रा चुरचुरून तुटला तर कोरडा. मग बन आडवा चिरून आत बघायचं. सारख्या, बारीक भोकांची जाळी हवी. मध्ये बोट जाईल एवढी पोकळी दिसली तर सॉस तिथूनच गळणार. नाकाजवळ धरला की मैद्याचा आणि भाजल्याचा मंद वास यावा. आंबूस, दारूसारखा वास येत असेल तर यीस्ट जास्त घालून घाईने फुगवलेलं पीठ आहे. शेवटी चिरलेल्या बाजूवर चमचाभर पाणी टाकून पाच मिनिटं थांबायचं आणि उचलायचं. हातात अख्खा आला तर घ्यावा. ही परीक्षा बेकरीच्या दारात, मालकासमोर केली तर सुरुवातीला तो नाराज होतो. दुसऱ्या खेपेला तोच स्वतःहून निवडक ट्रे काढून देतो.

मापाचीही एक गोम आहे. चार इंची बनात तीन इंची टिक्की ठेवली की पहिले दोन घास नुसत्या पावाचे. बटाट्याची टिक्की तळून फारशी आकसत नाही, पण चिकनची पॅटी आकसते. म्हणून ती कच्ची असताना बनापेक्षा बोटभर मोठी थापावी लागते. पॅटी बनाच्या कडेबाहेर किंचित डोकावली तर बर्गर भरगच्च दिसतो. आत दडली तर गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटतं, मग वजन तेवढंच का असेना.

लोक 'मऊ' म्हणतात तो गुण येतो कुठून? मैद्यातल्या प्रथिनांपासून. पाणी घालून पीठ मळलं की या प्रथिनांचं ग्लुटेन तयार होतं, लवचीक रबरासारखं. यीस्टने सोडलेला वायू त्यात फुग्यासारखा अडकतो. प्रथिनं फार कमी असतील तर फुगा फुटतो, बन बसतो. बनासाठी साधारण ११-१२ टक्के प्रथिनं असलेला मैदा बरा पडतो. बिस्किटाला याहून कमी चालतात, म्हणून बिस्किटाच्या मैद्याचा बन कधीच नीट उभा राहत नाही.

गव्हाच्या बाबतीत सातारा जिल्ह्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेलं एमएसीएस ६४७८ हे वाण करंजखोप गावच्या शेतकऱ्यांनी लावलं. पूर्वी लोक-१, एचडी २१८९ अशा वाणांचं हेक्टरी २५ ते ३० क्विंटल पीक निघायचं, ते ४५ ते ६० क्विंटलवर गेलं. २०२१मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान विभागानेही त्याची बातमी दिली होती. या गव्हात सुमारे १४ टक्के प्रथिनं आहेत. चपातीला तो उत्तम आणि ब्रेडलाही चांगला, असं संस्थेचं म्हणणं आहे. शहरातल्या बेकऱ्यांत येणारा मैदा मात्र मोठ्या रोलर गिरण्यांचा, अनेक ठिकाणच्या गव्हांचं मिश्रण असलेला असतो. करंजखोपच्या शेतातला गहू साताऱ्याच्या बनात यायला मधल्या गिरणीने तो वेगळा दळायला हवा, आणि अडचण तिथेच आहे. कृष्णाकाठचा खपली गहू याच्या अगदी उलट. खिरीला, हुग्गीला, पुरणपोळीला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण त्याचं ग्लुटेन दुबळं. 'खपलीचा बर्गर' अशी पाटी आकर्षक वाटली तरी निव्वळ खपलीचा बन फुगत नाही. थोडा भाग खपलीचा आणि बाकी मैद्याचा ठेवला तरच जमतं, आणि मग पाटीवरही तसंच प्रामाणिकपणे लिहावं.

तपकिरी रंगालाही भुलायचं कारण नाही. तो कोंड्याने येतो तसा कॅरामेलनेही येतो.

बेकरीवाल्याला सांगता येण्यासारख्या दोन युक्त्या आहेत, आणि दोन्ही मराठी घरांना परक्या नाहीत. पहिली, पिठात थोडा उकडलेला बटाटा घालणं. बटाट्याचा स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. दुसरी म्हणजे आपली उकड. मैद्यातला थोडा भाग दुधात किंवा पाण्यात शिजवून, खळीसारखा करून मग बाकी पिठात मळायचा. तांदळाच्या भाकरीला उकड काढली की ती चिरत नाही, तसंच इथेही होतं. जपान, तैवानकडच्या बेकऱ्यांनी याच युक्तीवर आपल्या पावाचं नाव जगभर केलं.

शिळेपणाचं कोडंही भातावरून सुटतं. रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी दाणा टणक होतो, आणि फोडणी देऊन वाफ आणली की पुन्हा मऊ पडतो. बनातही तोच स्टार्च, तेच वागणं. फ्रीजच्या चार-पाच अंशांत तो सगळ्यात वेगाने घट्ट होतो. उरलेले बन काळजीने फ्रीजमध्ये ठेवणारा मालक खरं तर ते लवकर शिळे करत असतो. बन आज-उद्याच वापरायचे असतील तर बंद डब्यात, सावलीत, बाहेर ठेवावेत. जास्त दिवस हवे असतील तर हवाबंद पिशवीत घालून थेट डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना. काढल्यावर पिशवीसकट आधी नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावेत, नाहीतर पाणी सुटून पाठ ओली होते.

हे झालं पुस्तकातलं. सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांचं हवामान त्यात स्वतःची भर घालतं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका, तसाच सांगलीतला जत, आटपाडी, पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर जगतात. एकाच भट्टीतला बन जुलैत पाचगणीला नेला तर तिसऱ्या दिवशी त्याच्यावर हिरवट ठिपके दिसू शकतात. मे महिन्यात जतला नेला तर बुरशी सोडा, दुपारपर्यंत त्याचा रस्कच होतो. घाटावरच्या हॉटेलवाल्याने थोडा-थोडा माल रोज मागवावा आणि हवेशीर ठेवावा. माणदेशातल्याने ट्रेवर ओलसर पंचा टाकावा, झाकण बंद ठेवावं आणि बेकरीवाल्याला पिठात तेल-लोण्याचं प्रमाण किंचित वाढवायला सांगावं.

'गरमागरम बन' हा हट्टही सोडलेला बरा. भट्टीतून निघालेला बन निवायला तास-दीड तास लागतो, तोवर आतली वाफ बाहेर पडत असते. तो गरम असताना चिरला तर आत चिकट होतो. गरम असताना प्लास्टिकमध्ये बांधला तर वाफेचं पाणी पाठीवर साचून सुरकुत्या पडतात, आणि बुरशीला घरच मिळतं. पहाटे काढलेला, सकाळी निवलेला आणि दुपारी पोचलेला बन संध्याकाळच्या गर्दीला सगळ्यात चांगला.

मग तो तव्यावर येतो. या अर्ध्या मिनिटात कितीतरी बर्गर तरतात किंवा बुडतात. चिरलेली बाजू खाली, लोण्याचा हलका हात, तवा मध्यम गरम. तीस-चाळीस सेकंदांत सोनेरी कडक थर धरतो. त्या थरामुळे आणि लोण्याच्या पातळ पडद्यामुळे सॉस आणि टोमॅटोचं पाणी बनात झिरपायला वेळ लागतो. घाई असली की नेमकं हेच राहून जातं. बन नुसता बाहेरून गरम केला जातो, मेयोनीज थेट कच्च्या जाळीवर पडतं आणि खालचा अर्धा भाग चौथ्या घासाला कागदातच राहतो. पार्सलमध्ये तर आणखीच हाल. बंद डब्यात पॅटीची वाफ कोंडते. डब्याला दोन भोकं असली, सॉस वेगळ्या पुडीत दिला आणि टोमॅटो मीठ न लावता पॅटीच्या वर ठेवला, तरी वीस मिनिटांच्या वाटेवर बन टिकतो. सांगलीहून मिरजेला जाणाऱ्या पार्सलला एवढा वेळ लागतोच.

बन आणायचा कुठून? सातारा-सांगलीच्या बाजारात तीन वाटा आहेत. पहिली गावातल्या जुन्या भट्टीची. ती लादी, खारी, टोस्टवर जगते, आणि बन तिच्या दृष्टीने जोडधंदा. दुसरी 'अय्यंगार बेकरी' नावाची. कर्नाटकातून आलेल्या या कुटुंबांच्या पाट्या आता महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात दिसतात. त्यांचा गोडसर बन चहाबरोबर छान, पण बर्गरला साखर जरा जास्त होते आणि तव्यावर लवकर करपतो. त्यांना वेगळा कमी गोड घाणा काढायला सांगितला तर बहुतेकजण काढून देतात, मात्र ठरावीक संख्येची हमी द्यावी लागते. तिसरी वाट पुण्याच्या किंवा मुंबईच्या मोठ्या कंपन्यांची. पाकिटातला, तीळ लावलेला, दर वेळी त्याच मापाचा बन पुणे-बंगळूर महामार्गाने येतो.

तिसरी वाट सोपी वाटते, पण ती रस्त्यावर अवलंबून आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरांत कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक दिवसेंदिवस थांबली. सांगलीची तर निम्मी पेठ पाण्याखाली होती. तेव्हा उंचावरच्या भागात ज्या भट्ट्या चालू राहिल्या त्यांच्या पावावर लोकांचं भागलं. खंबाटकी घाटातला एखादा अपघातसुद्धा सातारच्या दुपारच्या मालाला संध्याकाळ करू शकतो. म्हणून शहाणा मालक पाकिटाचा बन मुख्य ठेवला तरी गावातल्या एका बेकरीवाल्याशी रोजच्या वीस-तीस बनांचा व्यवहार चालू ठेवतो. ओळख राहते आणि अडीनडीला ट्रे मिळतो.

बेकरीवाल्याशी बोलताना परताव्याचाही विषय काढावा. पावाच्या धंद्यात उरलेला माल दुसऱ्या दिवशी परत घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दहा टक्के माल परत घेणाऱ्या बेकरीचा बन पन्नास पैशांनी महाग असला तरी पावसाळ्यात तोच परवडतो. उधारी मात्र आठवड्यावर नेऊ नये. पाववाल्याचं भांडवल छोटं असतं, आणि पैसे थकले की आधी बनाचं वजन उतरतं. तो तक्रार करत नाही, पीठ कमी घेतो.

काय विचारून घ्यायचं, याची थोडी कायद्याची बाजूही आहे. मे २०१६मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने ब्रेड, पाव, बनांचे ३८ नमुने तपासले. त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. ब्रोमेटमुळे पीठ जोमाने फुगतं, पण कर्करोगाच्या संशयामुळे अनेक देशांत त्यावर बंदी होती. महिन्याभरात भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते परवानगीच्या यादीतून काढून टाकलं. मार्गरीन, वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादाही जानेवारी २०२२पासून दोन टक्क्यांवर आणली आहे. तेव्हा "मैद्यात काय 'इम्प्रूव्हर' टाकता, आणि पुडा दाखवता का?" हा प्रश्न उद्धट नाही.

दुसरा प्रश्न अंड्याचा. बनाच्या पाठीवरची चकाकी पुष्कळदा अंड्याच्या हाताने येते. शाकाहारी बर्गर म्हणून विकायचा आणि बनावर अंडं, ही गोष्ट श्रावणातल्या एखाद्या गिऱ्हाइकाला कळली की त्याच्या सगळ्या पाव्हण्यारावळ्यांना कळते. दुधाच्या हातानेही चकाकी येते, जराशी मंद. आधी विचारून ठेवलेलं बरं.

कराच्या बाबतीत बनाने देशभर करमणूकही केली आहे. सप्टेंबर २०२४मध्ये कोईमतूरच्या एका हॉटेलमालकाने अर्थमंत्र्यांसमोर गाऱ्हाणं मांडलं की बनावर कर नाही, आत क्रीम भरलं की १८ टक्के. मग गिऱ्हाईक म्हणतं, बन आणि क्रीम वेगवेगळं द्या, आम्ही भरून घेतो. वर्षभराने, २२ सप्टेंबर २०२५पासून, केक-पेस्ट्रीसारख्या पदार्थांवरचा कर पाच टक्क्यांवर आला. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर पाचच टक्के जीएसटी लागतो, पण कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. चीज, सॉस, पॅकिंगचे डबे या सगळ्यांवरचा कर त्याच्या खिशातून जातो, आणि साधा ब्रेड करमुक्त. बर्गरमधल्या मोजक्या करमुक्त वस्तूंपैकी एक असलेल्या त्या बनावरच सगळ्यात आधी काटकसर होते.

मुंबईत पावावर आणखी एक वेळ आली आहे. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितलं. बेकरीवाले खर्चाने धास्तावले. तो आदेश मुंबईपुरता असला तरी सातारा-सांगलीतल्या ज्या भट्ट्या आजही लाकडावर चालतात, त्यांच्यापर्यंत ही चर्चा पोचली आहे. भट्टी बदलली की भाजणीही बदलते. लाकडाच्या भट्टीत तळाच्या विटांची धग धरून राहते, म्हणून पावाचा तळ जाड भाजतो. विजेच्या ओव्हनमध्ये रंग सारखा येतो, पण तळ पातळ. बर्गरच्या बनाला हा सारखेपणा मानवतो. लादीपावाच्या जुन्या चाहत्याला तो मानवेलच असं नाही. ज्यांना ओव्हन घ्यायचा आहे अशा छोट्या बेकरीवाल्यांसाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदानाची सोय आहे. रेस्टॉरंटवाल्याने ही माहिती आपल्या पाववाल्याच्या कानावर घालायला हरकत नाही, कारण त्याचा ओव्हन सुधारला की ह्याचा बन सुधारतो.

रात्री साडेदहाला राजवाड्याच्या चौपाटीवर तवे विझू लागतात. गाडेवाला टोपलीत हात घालून मोजतो, अकरा बन उरलेत. तो वहीत आजचा वार लिहितो, बुधवार, बाजूला अकरा. गेल्या बुधवारी सात उरले होते, रविवारी एकही नाही. पुढच्या बुधवारचे दहा बन त्याने तिथल्या तिथे कमी केले. उरलेले अकरा तो हाताने कुस्करून ट्रेवर पसरतो. विझत्या तव्याच्या उबेवर ते सकाळपर्यंत कडक होतात, मग मिक्सरमधून फिरवून त्यांचा चुरा. दुसऱ्या दिवशीच्या टिक्कीला बाहेरून लावायला तोच लागतो.